शाळेचा जमाखर्च : फळा देणारे पुष्कळ, पगार कोण देणार?

(शहापूर तालुक्यात लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या एका विनाअनुदानित मराठी शाळेचे खजिनदार या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी हिशेब लिहिण्यात गेली. आता ते पाचपाखाडीहून आसनगाव लोकल आणि पुढे जीप असं करत शाळेत ये-जा करतात.)

काका, आमच्या नेरूळच्या सोसायटीतलं महिला मंडळ आणि ज्येष्ठ नागरिक मिळून एखाद्या आदिवासी शाळेला मदत करायची असं ठरलंय. साठेक हजार जमलेत. काही जण म्हणतात स्मार्ट टीव्ही द्या, काही म्हणतात वह्या, दप्तरं आणि घरातले चांगले कपडे द्या. पंधरा ऑगस्टला बस करून चाळीस जणांनी जायचा बेत आहे. काय द्यावं?
— एक वाचक, नेरूळ

बेत झकास आहे. फक्त खरेदी करण्याआधी शाळेच्या मुख्याध्यापकांना एक फोन करा आणि विचारा, ‘यंदा कशाची अडचण आहे?’ एवढं विचारणारे फार थोडे भेटतात.

वह्यांचं सांगतो. जूनमध्ये आमच्याकडे ठाण्या-डोंबिवलीकडून वह्यांचा पूर येतो. सगळ्या दोनशे पानी, एकरेघी. पहिली-दुसरीच्या पोरांना लागते दुरेघी आणि चौकटीची वही, ती त्यात औषधालाही नसते. मग दिवाळीनंतर पेन्सिली संपतात, खोडरबराचे तुकडे करून वाटावे लागतात, आणि तोवर देणगीचा हंगाम उलटलेला असतो. तुम्ही नोव्हेंबरात पेन्सिलींचे खोके पाठवलेत तर आमच्या बाई तुम्हाला दुवा देतील.

कपडे नकोत. गोणी उघडली की त्यात झिप तुटलेल्या पँटी, लग्नातले टिकल्यांचे फ्रॉक आणि चक्क टाय निघतात. ते निवडण्यात शिक्षिकेची दुपार जाते. आणि कुठला कपडा कुणीतरी टाकून दिलेला आहे हे सातवीतल्या मुलीला बरोबर कळतं.

टीव्हीचं म्हणाल, तर पावसाळ्यात इकडे वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो. आली तरी व्होल्टेजचा भरवसा नाही. इन्व्हर्टर, बॅटरी आणि बिघडल्यावर शहापुराहून माणूस बोलावण्याचा खर्च धरला असेल तरच टीव्ही द्या. एका शाळेत मी भिंतीवरच्या पॅनलला भरतकामाचा रुमाल घातलेला पाहिलाय. रुमाल सुरेख होता.

मग साठ हजारांचं काय? सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीला पोषण आहार मिळतो, त्यालाच २०२१ पासून पीएम पोषण म्हणतात. आमच्यासारख्या विनाअनुदानित शाळांना तो नाही. दुपारची खिचडी शिजते ती संस्थेच्या पैशांवर. तूरडाळ, तेल, सिलिंडर आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं मानधन, यात तुमचे साठ हजार सत्कारणी लागतील. किंवा पाणी. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातच आहेत. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या पाड्यांवर टँकर येतो. मुलींचं स्वच्छतागृह देणगीतून छान बांधून होतं आणि मार्चनंतर पाण्यावाचून कुलूप लावून बसतं. साठवणीची टाकी, छपराच्या पाण्याची पन्हळ, एखादा टँकर असल्या गोष्टींवर कोणी नावाची पाटी लावत नाही, म्हणून त्या मागेच राहतात.

पंधरा ऑगस्टला चाळीस माणसं आली की शाळा तुमच्याच सरबराईत अडकते. चार-पाच जणांनी साध्या मंगळवारी या, शेवटच्या बाकावर बसा, एखाद्या मुलाकडून धडा वाचून घ्या. बिस्किटाचा पुडा हातात धरून रांगेत उभ्या केलेल्या मुलांचे फोटो गटावर टाकू नका. आणि गेटवर वहीत नाव-सही मागितली, मुलांबरोबर एकटं सोडलं नाही, तर राग मानू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातल्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, त्यानंतर ही खबरदारी न घेणाऱ्या शाळेत मी तर नातवंडाला पाठवणार नाही.

आमची संस्था मुरबाड तालुक्यात पहिली ते आठवीची शाळा चालवते. इमारतीसाठी, कंपाउंडसाठी, संगणक-कक्षासाठी पैसे मिळतात. पगारासाठी विचारलं की देणगीदार गप्प होतात. गेल्या वर्षी तीनदा पगार लांबला आणि एक चांगली शिक्षिका सोडून गेली. खजिनदार म्हणून तुम्ही हे कसं निभावता?
— संस्थेचे सचिव, मुरबाड

सचिव, मला येणाऱ्या पत्रांत निम्मी तरी हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

देणगीदाराला वास्तू दिसते. कोनशिला बसते, फीत कापता येते, आईच्या नावाची पाटी लागते. त्यात वाईट काही नाही. आमच्याही दोन खोल्यांवर अशा पाट्या आहेत. पण शाळा म्हणजे रोज सकाळी साडेदहाला वर्गात उभी राहणारी बाई. ती गेली की संगणक-कक्षाला कुलूप लागतं. तेव्हा विश्वस्तांच्या सभेत एक ठराव करून टाका : बँकेत तीन महिन्यांच्या पगाराची रक्कम बाजूला असल्याशिवाय नवं बांधकाम हाती घ्यायचं नाही, मग देणगीदार कितीही मोठा असो. आमच्या सभेत यावरून खडाजंगी झाली होती. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, आलेली लक्ष्मी परत पाठवता? मी म्हटलं, लक्ष्मी येतेय भिंतीसाठी आणि उपाशी आहेत माणसं.

आता आकडे घ्या. समजा आठ शिक्षक आहेत, प्रत्येकी महिना १८ हजार. म्हणजे महिन्याला १ लाख ४४ हजार आणि वर्षाला १७ लाख २८ हजार. तीन महिन्यांचा राखीव निधी ४ लाख ३२ हजार. हा आकडा एका खोलीच्या बांधकामापेक्षा लहान आहे! पण ‘पगारासाठी मदत करा’ असं मोघम मागितलं की देणाऱ्याला वाटतं, ही विहीर आपण कुठवर भरणार. त्याऐवजी महिन्याचा तुकडा पाडून मागा. महिना १,००० रुपये देणारी १४४ माणसं मिळाली की पगार सुटला. ठाण्यातली दोन-तीन मंडळं, एखादी जुनी बॅच, बँकेतले निवृत्त सहकारी एवढ्यांतून हा आकडा अशक्य नाही. बँकेला कायमची सूचना देऊन ठेवायची आणि दर महिन्याच्या एक तारखेला पैसे वळते व्हायचे. हजार रुपये देणारा माणूस लाख देणाऱ्यापेक्षा जास्त टिकतो, हा माझा अनुभव. लाखवाल्याला दर वर्षी नवी शाळा सापडते.

एक पथ्य पाळा. ‘अमुक बाईंचा पगार तमुक साहेब देतात’ असं कधी होऊ देऊ नका. देणगी पगार निधीत जाऊ दे. नाहीतर साहेब शाळेत येऊन बाईंना वर्ग कसा घ्यायचा ते शिकवू लागतात.

कायम निधीची, म्हणजे मूळ ठेव न मोडता नुसतं व्याज वापरायची, कल्पना सगळ्यांनाच गोड वाटते, तिचाही हिशेब पाहून ठेवा. त्याच १८ हजारांच्या एका शिक्षकाचा वर्षाचा पगार २ लाख १६ हजार. सात टक्के व्याज धरलं तर त्यासाठी सुमारे ३१ लाखांची ठेव लागेल, आणि पगार वाढला की व्याज तोकडं पडणार. म्हणून कायम निधी जमवा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. निधीसाठीची देणगी कायम निधीतच जमा करावी, असं देणगीदाराकडून लेखी घ्या आणि पावतीवर तसं लिहा. ठेव शेड्यूल्ड बँकेत असू द्या. ओळखीच्या पतपेढीचा अर्धा टक्का जास्त व्याजाचा मोह विश्वस्तांना फार महागात पडलेला मी पाहिलाय.

कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे त्यांनी समाजोपयोगी कामांवर करायच्या खर्चाबद्दल, दुसऱ्या एका पत्रात तुम्ही विचारलं होतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्चावी लागते, आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही त्यात आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंपन्यांची काय कमी! १ एप्रिल २०२१ पासून संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, ती करून ठेवा. मात्र हा पैसा प्रकल्पाचा असतो. एक-दोन, फार तर तीन वर्षं. व्यवस्थापक बदलला की कंपनीचं मन शाळेवरून उठून झाडांवर जातं. म्हणून त्यावर नेहमीच्या शिक्षकांची पदं उभी करू नका. सौर पॅनल, ग्रंथालय, शिक्षकांचं प्रशिक्षण, विज्ञानाचं साहित्य यांसाठी मागा, आणि तेवढ्यानं तुमचा जो खर्च वाचेल तो पगाराकडे वळवा.

पगार खात्यातच जमा करा, आणि पूर्ण. पंचवीस हजारांवर सही घ्यायची, हातात बारा ठेवायचे, उरलेले ‘देणगी’ म्हणून परत घ्यायचे, असं काही ठिकाणी चालतं हे तुम्हालाही ठाऊक असेल. त्या शाळांना सुधारणेचा सल्ला मी देत नाही. आधी तो प्रकार बंद करा, मग पत्र लिहा.

आणि तुमच्या त्या सोडून गेलेल्या बाईंना एकदा फोन करा. बऱ्याचदा माणसं दोन हजार कमी मिळाले म्हणून जात नाहीत, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ ऐकून कंटाळून जातात. पगार लांबणार असेल तर पंचवीस तारखेलाच खोलीत सगळ्यांना बसवून पासबुक समोर ठेवा.

काका, मी तुमच्याच तालुक्यातल्या दुसऱ्या शाळेत यंदा लागले. माझ्या चौथीच्या पटावर तीस मुलं आहेत. सगळे म्हणतात, दिवाळीनंतर निम्मी कातकरी मुलं वीटभट्टीवर जातील, ‘तू मनाला लावून घेऊ नकोस’. खरंच काही करता येत नाही का?
— एक शिक्षिका, शहापूर

मनाला लावून घे, बाळ. न लावून घेणारे भरपूर आहेत.

दिवाळीनंतर टेम्पो येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. भट्टीची गोष्ट सुरू होते पावसाळ्यात. आषाढ-श्रावणात हाताला काम नसतं, घरातलं धान्य संपलेलं असतं. तेव्हा शेठ उचल देतो आणि अख्खं कुटुंब पुढच्या मोसमाला बांधलं जातं. भिवंडी, कल्याण, पनवेल, वसई अशा भट्ट्यांवर मग नवरा-बायकोची जोडी कामाला लागते. विटांचे पैसे हजारी दरानं मोजतात, आठवड्याला फक्त खर्ची मिळते. तेव्हा कोणत्या घरानं उचल घेतली हे तुला ऑगस्टमध्येच माहीत हवं. पालकसभेत कोणी सांगणार नाही. मावशींना विचार, त्यांना सगळं ठाऊक असतं.

मग घरोघरी जाऊन एकच बोलणं करायचं : मूल मागे राहू शकतं का? आजी असेल, काकू असेल तर बऱ्याचदा राहू शकतं. अडतं ते रात्रीच्या जेवणावर. आमच्या संस्थेनं तेवढंच केलं. शाळेतच संध्याकाळी भाकरी-डाळ द्यायची आणि मुलांनी आजीकडे झोपायला जायचं. वसतिगृह बांधायला निघालो असतो तर अजून प्लॅनच पास करत बसलो असतो. सरकारची हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात तिची चौकशी दिवाळीच्या पुष्कळ आधी मुख्याध्यापकांना करायला सांग.

जे जातीलच, त्यांचं नाव पटावरून कमी करू नको. मूल कितवीत आहे, त्याला काय येतं हे लिहिलेलं शिक्षण हमी कार्ड त्याच्या आईकडे दे आणि भट्टी कोणत्या गावाला आहे ते लिहून घे. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण त्या शाळेला तुझा फोन गेला तर काम होतं, नुसत्या कायद्यानं होत नाही.

जूनमध्ये ती परत येतील तेव्हा ‘सगळं विसरलात’ असं मात्र म्हणू नको. आमच्या बाईंनी सांगितलेलं सांगतो. भट्टीवरून आलेल्या एका मुलीला पुस्तकातली वजाबाकी येईना. बाईंनी सहज विचारलं, तुझ्या आई-बापानं एका दिवसात विटा किती पाडल्या? पोरगी म्हणाली, एक हजार दोनशे, पण अवकाळी पाऊस आला त्यात साठ मोडल्या, त्या शेठनं धरल्या नाहीत. मग किती धरल्या? पोरीनं डोळे मिटले, बोटं हलवली आणि सांगितलं, अकराशे चाळीस. बाईंनी तिथेच फरशीवर खडूनं विटांच्या ओळी काढल्या, एका ओळीत दहा, दहा ओळींचा एक शेकडा, आणि महिनाभर सगळ्या वर्गाचं गणित त्या भट्टीवर चाललं. नंतर हीच मुलगी इतरांना हातचा घ्यायला शिकवत होती. हजारी दर आणि आठवड्याची खर्ची यावर बाईंनी पुढे उदाहरणं घातली, ती दोन-तीन बापांनीही घरी सोडवून पाहिली म्हणे. शेठपर्यंत गेली की नाही, कळलं नाही.

आपल्याकडे हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता, पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा कुरणात नेली, तीच कुरणशाळा. तुला भट्टीवर जाऊन शिकवायला मी सांगत नाही. पण फेब्रुवारीत एखाद्या रविवारी जवळच्या भट्टीवर चक्कर मार, गोष्टीची पुस्तकं घेऊन. मुलं तुला लांबूनच ओळखतील. मुकादमाशी हुज्जत घालू नको, आणि एकटी जाऊ नको.

आमच्या गावात आता पिवळी बस येते आणि मुलं इंग्रजी शाळेत चालली आहेत. आमचा पट घटतोय. शाळा इंग्रजी माध्यमाची करावी असा दोन विश्वस्तांचा आग्रह आहे. तुमचं मत?
— एक विश्वस्त, मुरबाड

माझं मत : करू नका. ठाकूर-कातकरी मुलांना घरची बोली वेगळी, शाळेतली मराठीच आधी शिकावी लागते. त्यावर इंग्रजी माध्यम लादलं की पोरगं दोन्हीकडून जातं. शिवाय माध्यम बदलायला शासनाची परवानगी लागते, नवे शिक्षक लागतात, आणि बारा हजारांत चांगलं इंग्रजी शिकवणारा माणूस कल्याणहूनही येणार नाही.

पण पालक वेडे नाहीत. त्यांना इंग्रजी हवंय, आणि ते तुमच्याकडे मिळत नाही. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तो तास खरोखर होतो का, ते पाहा. एक बरा इंग्रजीचा शिक्षक नेमा, त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त पैसे द्यावे लागले तरी द्या. पालकांना बोलावून मुलांना त्यांच्यासमोर चार वाक्यं बोलू द्या.

आणि माध्यमाच्या वादाआधी तुम्ही विश्वस्तांनी एक काम करा. ‘प्रथम’ संस्था २००५ पासून ‘असर’ ही मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करते, तिची पद्धत अगदी सोपी आहे : अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. तसा एक कागद घेऊन प्रत्येक विश्वस्तानं पाचवीतल्या पाच मुलांचं वाचन स्वतः ऐकावं, शिक्षकांना न धमकावता. कितीजण गोष्टीपर्यंत पोचतात ते लिहून ठेवा आणि मार्चमध्ये पुन्हा ऐका. सभेत निकालाच्या टक्क्यांवर चर्चा करण्यापेक्षा हा कागद टेबलावर असू द्या. बसचं म्हणाल तर पावसाळ्यात ओढा ओलांडून येणाऱ्या पाड्यासाठी एक जीप लावली तरी तुमचा पट थोडा सावरेल.

माझा भाचा अमेरिकेत असतो, त्याला तुमच्यासारख्या शाळेला पैसे द्यायचे आहेत. मलाही द्यायचे आहेत. ८० जीची, म्हणजे देणगीवरची आयकराची, सूट मिळेल ना?
— एक वाचक, कोपरखैरणे

तुमचं आधी. संस्थेकडे ८० जीची मान्यता असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर सूट मिळते. नव्या करप्रणालीत ती नाही, हे अनेकांना मार्चअखेर कळतं आणि ते आमच्यावर चिडतात. रोख दोन हजारांच्या वर देऊ नका, त्यावर सूट नाही.

भाच्याचं जरा जपून. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत तो खुशाल देऊ शकतो. त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, मग हातात ओसीआय कार्ड का असेना, ती विदेशी देणगी ठरते. एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. नोंदणी असली तरी पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. आमच्यासारख्या छोट्या शाळा त्या वाटेला जात नाहीत. ‘मामाच्या खात्यावर पाठवतो, मामा तुम्हाला देईल’ हा मार्ग मला दर दिवाळीत कोणीतरी सुचवतं, तोही नको. आणि सुट्टीत इथे येऊन रुपयांत दिले तरी देणारा विदेशी नागरिकच राहतो, तेव्हा पाकीट घेऊन त्याला आसनगावला उतरवू नका. नुसता घेऊन या, दुपारच्या खिचडीला.